चिलापीला थंडी वाजते, त्याचं काय?

पत्र थोडक्यात असं: लेखक मूळचे सांगली जिल्ह्यातले, वय 46. गेली नऊ वर्षं नैरोबीत एका कंपनीत हिशेब बघतात, नोकरीच्या परवान्यावर आहेत. वडिलांची द्राक्षबाग कर्जात गेली, तेव्हा हे कॉलेजात होते. नैरोबीतच जन्मलेल्या एका गुजराती मित्राची नैरोबीजवळच्या लिमूरूला दोन एकर जमीन पडून आहे. ‘तू कर, मी आहे’ असं मित्र म्हणतो. लेखकांनी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि तिथल्या सल्लागाराकडून आराखडा करून घेतला. 8 बाय 30 मीटरची दोन ग्रीनहाऊस. एकात टोमॅटोची हजार झाडं. दुसऱ्यात 20,000 लिटरच्या टाक्यांत चिलापी मासे आणि त्याच पाण्यावर 100 चौरस मीटर तरंगत्या वाफ्यांत लेट्युस, पालक, कोथिंबीर, म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्स. खर्च 40 लाख शिलिंग, चौदा महिन्यांत वसूल. पैसे साठवणीतले आणि गावाकडचा प्लॉट विकून येणारे. दिवसभराची देखरेख पत्नी करील असं गृहीत आहे. पत्नीचा मात्र ठाम नकार आहे. ‘तिला कसं पटवू?’ हा प्रश्न.

नमस्कार.

बायकोला कसं पटवायचं ते तुम्ही विचारलंत. मला आधी सल्लागाराने तुम्हाला कसं पटवलं ते बघावंसं वाटलं, म्हणून पत्रासोबतचा तो तक्ता घेऊन बसलो. देखणा तक्ता आहे. त्यात झाडं आहेत, किलो आहेत, शिलिंग आहेत, पाईपची लांबीसुद्धा आहे. एक आकडा कुठेच नाही, तो म्हणजे पाण्याचं तापमान. सगळी योजना त्या एका आकड्यावर उभी आहे.

लिमूरू दोन हजार मीटरहून उंच आहे. महाबळेश्वर साधारण 1,350 मीटर, म्हणजे अंदाज येईल. जुलैत तिथे रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली, आणि जून ते ऑगस्ट आठवडेच्या आठवडे ऊन ढगांआड असतं. चहाला हे मानवतं. चिलापीला नाही. उजनीच्या काठावर आपण जी तळून खातो तीच ही चिलापी, आणि तिला 27 ते 30 अंश पाणी लागतं. पाणी 20 अंशांखाली गेलं की तिचं खाणं झपाट्याने कमी होतं, 16-17 वर जवळपास थांबतं. ती लगेच मरत नाही, नुसती टाकीच्या तळाशी बसून राहते.

अ‍ॅक्वापोनिक्समध्ये नेमकं हेच महागात पडतं. तिथे भाजीचं खत म्हणजे माशाने खाल्लेलं खाद्य. मासा खातो, त्याच्या मलमूत्रातून अमोनिया पाण्यात येतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते मुळं शोषतात. हे जिवाणूही थंडीत मंदावतात. म्हणजे मासा जेवला नाही की भाजीही उपाशी राहते. लेट्युस पिवळं पडेल, तुम्ही सल्लागाराला फोन कराल, तो लोह कमी पडलंय म्हणून सांगेल. लोह खरंच कमी पडतं, माशांच्या खाद्यातून ते पुरेसं येत नाही, वरून द्यावंच लागतं. पण तुमच्याकडे दुखणं वेगळं असेल.

तरंगत्या वाफ्यांचं हे गणित बसवलं जेम्स रॅकोसी यांनी, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात. पालेभाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे रोज 60 ते 100 ग्रॅम मत्स्यखाद्य, हे प्रमाण तिथलं. आज जगभरचे प्रशिक्षक तेच शिकवतात, तुमच्या तक्त्यातही तेच आहे. पण ते कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे. तिथे पाणी तापवावं लागत नाही.

‘मग तापवू’ असं तुम्ही म्हणाल. 20,000 लिटर पाणी 10 अंशांनी वाढवायला सुमारे 230 युनिट वीज लागते, तीही एकदाच तापवायला. रात्री ते पुन्हा निवतं. सौर हीटर लावावा तर ज्या महिन्यांत गरज, त्याच महिन्यांत सूर्य रजेवर.

समजा तुमची जमीन लिमूरूला नसून खाली गरम भागात आहे. तरी हिशेब पुरा करू, तुम्ही हिशेबनीस आहात, आवडेल तुम्हाला. 100 चौरस मीटरला रोज सरासरी 8 किलो खाद्य धरा, वर्षाला 2,920 किलो झालं. दीड किलो खाद्याला एक किलो मासा धरला तर साधारण 1,950 किलो मासे, म्हणजे आठवड्याला सदतीस-अडतीस किलो, न चुकता. खाद्य 150 शिलिंग किलो धरलं तर ते एकटंच 4,38,000 शिलिंगांचं. ते मासे घेणार कोण? नैरोबीच्या बाजारात व्हिक्टोरिया सरोवरातल्या पिंजऱ्यांतली चिलापी येते आणि चीनहून गोठवलेलीही येते. दोघांशी भावात टक्कर द्यायची आहे.

इथे मला हसू आलं, राग मानू नका. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही पार्कलँड्स आणि न्गारा या नैरोबीतल्या भारतीय वस्तीच्या भागांमधल्या शाकाहारी हॉटेलांची नावं दिली आहेत. माशांच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर तिथला जैन मालक घेईल का, हे विचारलंत? आणि मित्राच्या घरी मासे चालतात का? त्याच्या जमिनीवर दर आठवड्याला अडतीस किलो मासे कापले जाणार आहेत, हे त्याच्या आईला माहीत आहे का? तक्त्यात याला रकाना नसतो, पण असल्याच कारणांनी धंदे मोडतात.

वीजही बघा. दाट माशांच्या टाकीतला एअर पंप बंद पडला तर तासाभरातच मासे तोंड वर काढू लागतात. 2023 मध्ये केनियात ऑगस्ट, नोव्हेंबर आणि डिसेंबर अशी तीनदा देशभराची वीज गेली होती. गावापुरती जाते ती वेगळीच. जनरेटर किंवा बॅटरी ही चैन नव्हे, टाकीइतकीच मूळ गरज आहे. तुमच्या तक्त्यात ती ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिली आहे.

हे सगळं नवं नाही. केनिया सरकारने 2009 मध्ये 140 मतदारसंघांत प्रत्येकी 200 मत्स्यतळी खणायची योजना आणली होती, एकेक तळं 300 चौरस मीटरचं. पुढे त्यातली पुष्कळ ओस पडली. खणणं सोपं होतं. खाद्य, बीज आणि बाजार नेहमीसाठी जमवणं अवघड होतं. अ‍ॅक्वापोनिक्सपुरतं बोलायचं तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं एक सर्वेक्षण 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. व्यावसायिक पातळीवर हे करणाऱ्या 257 जणांनी उत्तरं दिली, बहुतेक अमेरिकेतले. मागच्या वर्षभरात नफा झाला असं सांगणारे तिसऱ्या हिश्श्याहून कमी निघाले. आणि नुसता भाजी-मासा विकणाऱ्यांपेक्षा सोबत साहित्य, सल्ला किंवा प्रशिक्षण विकणारे बरे चालले होते. तुमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण कितीला पडलं, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्स थोतांड आहे का? नाही. पाणी तुटपुंजं, माती खारट किंवा मुरमाड, हवा गरम आणि गिऱ्हाईक जवळ, अशा जागी ते शहाणपणाचं ठरू शकतं, कारण तेच पाणी फिरत राहतं, रोज थोडीच भर घालावी लागते. पण लिमूरूला पाऊस आहे आणि खोल तांबडी माती आहे. बटाट्याचं संशोधन केंद्र तिथे तिगोनीला आहे ते उगाच नाही. जिथे मातीच सोनं आहे तिथे मातीविना शेतीसाठी निम्मं भांडवल घालायचं! दुसऱ्याच्या दुखण्यावरचं औषध आहे हे.

आता टोमॅटो. ग्रीनहाऊस म्हटलं की आपल्याला ऊब आठवते. ती कल्पना युरोपातली. आपल्याकडे काय किंवा केनियात काय, प्लास्टिकचा खरा उपयोग पाऊस अडवायला आणि जाळीचा कीड अडवायला. लिमूरूच्या गार पावसात उघड्यावरचा टोमॅटो करप्याने चार दिवसांत काळा पडतो. छताखाली पानं कोरडी राहतात, तेवढा फायदा नक्की. म्हणून ग्रीनहाऊसला माझा विरोध नाही. विरोध आहे त्या ओळीला: ‘हजार झाडं, झाडामागे 15 किलो, किलोला 60 शिलिंग, एकूण 9 लाख’. 240 चौरस मीटरमध्ये हजार झाडं म्हणजे रस्ते धरून चौरस मीटरला चाराहून जास्त. हवा खेळणार नाही. झाडामागे 8 किलो आणि 35 शिलिंग भाव धरा, 9 लाखांचे 2 लाख 80 हजार होतात, आणि हे काही वाईट वर्ष नव्हे. नैरोबीच्या वाकुलिमा बाजारात टोमॅटोच्या खोक्याचा भाव कसा खाली-वर होतो ते तिथल्या कुणाही दलालाला विचारा. शिवाय उंचावरच्या थंडीत फळ पिकायला वेळ लागतो, म्हणजे वर्षातले तोडेही घटतात.

त्याहून मोठी भीती मर रोगाची आहे, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. केनियात हौसेने, कर्जाने, बचत गटांनी घातलेली कितीतरी ग्रीनहाऊस या जिवाणूजन्य मर रोगाने बसवली. पहिल्या हंगामात अ‍ॅना एफ-वन या संकरित टोमॅटोचं पीक झकास येतं, फोटो निघतात. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात हिरवीगार झाडं दुपारी मान टाकतात, संध्याकाळी सावरतात, आणि आठवड्याभरात आडवी होतात. खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधाळ धागा खाली उतरला तर समजा जिवाणू मातीत मुरलाय. मग औषधाचा उपयोग नसतो. त्याच मांडवात त्याच कुळातलं पीक, म्हणजे टोमॅटो, वांगं, मिरची, ढोबळी, फिरून फिरून घेत राहिलं की हे ओढवतं, आणि मांडव उचलून दुसरीकडे नेता येत नाही. माझ्या मावळातल्या ढोबळीच्या पॉलीहाऊसमध्ये तिसऱ्या वर्षी सूत्रकृमींनी हेच केलं. मी पाच वर्षांचा हिशेब मांडला होता आणि माती तपासली होती एकदा, तीही घाईत.

उपाय आहेत. प्रतिकारक खुंटावरची कलमी रोपं, पिकांची अदलाबदल, किंवा मातीऐवजी पिशव्यांत कोकोपीट किंवा नैवाशाकडचा प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड. दारात चुन्याचं पायपुसणं आणि पायांना वेगळे गमबूट. टोमॅटोची पानं-फळं पोखरणाऱ्या टुटा अळीचंही लक्षात ठेवा. ती 2014 च्या सुमारास केनियात पोचली आणि त्याच वर्षी पुण्याकडच्या टोमॅटोतही सापडली, तेव्हा तुमच्या गावाकडच्यांना तिची ओळख आहे. जाळीला बोटभर भोक पडलं तरी ती आत येते. दुहेरी दार हवं. तक्त्यात एकच दार आहे.

आता जमीन. ‘तू कर, मी आहे’ हे मित्राचं वाक्य मनापासूनचं असेल, त्याबद्दल शंका घेत नाही. पण केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेनुसार परदेशी नागरिकाला जमीन फक्त भाडेपट्ट्याने घेता येते, तीही जास्तीत जास्त 99 वर्षांसाठी. शेतजमिनीला आणखी लँड कंट्रोल अ‍ॅक्ट लागतो. त्यात भाडेपट्ट्यालाही लँड कंट्रोल बोर्डाची संमती हवी, आणि परदेशी माणसासाठी ती वाट जवळपास बंद आहे. म्हणजे तुमचे 40 लाख मित्राच्या जमिनीत लोखंड होऊन रोवले जाणार आणि कागदावर तुमचं काहीच नसणार. उद्या तो गेला, भावांत वाटण्या झाल्या, तर? तुमचा परवानाही नोकरीचा आहे. शेतीचा धंदा करायला वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो. तुमची पत्नी अवलंबितांच्या पासवर असेल तर तिने रोज तिथे काम करणं हेही कायद्यात बसतंय का ते बघावं लागेल. वकिलाची एक बैठक यातून काय काय निघतं ते सांगेल. ती फी प्रशिक्षणाच्या फीपेक्षा जास्त कामाची ठरावी.

आणि आता वहिनींबद्दल. तुम्ही लिहिता, ‘ती घरीच असते, दिवसा लक्ष देईल.’ हे तिला विचारून लिहिलंत की लिहून मग विचारलंत? सकाळी सहाला पाण्याचं तापमान, सामू (पीएच), अमोनिया बघायचा, दोन वेळा मासे खाऊ घालायचे, पंपाचा आवाज बदलला तर उठून जायचं, कामगारांशी स्वाहिलीत बोलायचं, आणि हे सगळं घरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर. ही देखरेख नव्हे, पूर्ण वेळची नोकरी आहे, बिनपगारी. तक्त्यात तुमच्या वेळेची किंमत शून्य आहे आणि तिच्या वेळेचा तर रकानाच नाही. तिचा नकार तुम्ही भित्रेपणाच्या खात्यात टाकलाय. ‘मासे मेले तर पैसे कोण देणार’ हा तिचा प्रश्न मला पत्रातला सर्वांत हिशेबी प्रश्न वाटला.

नैरोबीत यासाठी एक शब्दच आहे, तुम्ही ऐकला असेल: टेलिफोन फार्मर. शहरात नोकरी, शांबा, म्हणजे शेत, गावाबाहेर, कामगाराला एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, पैसे आणि फोनवर सूचना. शनिवारी जाऊन बघावं तर फोनवरची शेती आणि जमिनीवरची शेती वेगळी. आजूबाजूला कियांबूच्या, म्हणजे लिमूरूच्याच जिल्ह्यातल्या, बाया पाव एकरात सुकुमा विकी ही कोबीच्या कुळातली पालेभाजी आणि टेरेरे काढतात. टेरेरे म्हणजे आपला माठच. त्यांना भांडवल नाही, मजुरी नाही, पहाटे त्या स्वतः रानात असतात. मामा मबोगांना, म्हणजे गल्लीत भाजी विकणाऱ्या बायांना, माल त्या पुरवतात. त्यांच्याशी साध्या पालेभाजीत स्पर्धा करायला जाऊ नका, हराल.

मग करायचं काय? मी असतो तर आधी विकून बघितलं असतं, काही न पिकवता. तीन महिने दर शनिवारी वाकुलिमातून आणि पार्कलँड्सच्या बाजारातून माल उचलायचा आणि चार हॉटेलांना ठरल्या वेळी पोचवायचा. मेथी, कारली, गवार तिथे आधीच मिळते. मकुएनी-मचाकोस भागातून कारली, दुधी, भेंडी तर ब्रिटनला निर्यात होत आली आहे. तेव्हा ‘इथे आपली भाजी मिळत नाही’ हे तुमचं वाक्य खोडा. कुठली भाजी कुठल्या महिन्यात खरंच मिळत नाही, हॉटेलवाला पैसे किती दिवसांनी देतो, किती माल परत करतो, हे या तीन महिन्यांत कळेल. पावसाळ्यात कोथिंबीर सडते आणि भाव चढतो, असं काहीतरी हाती लागेल. तेच तुमचं पीक.

त्यानंतर एकच मांडव, 8 बाय 15 चा. जमिनीचा कागद वकिलाने केलेला असेल तरच. आतली रचना उचलून नेता येईल अशी, पिशव्यांतली. दोन पिकं वेगळ्या कुळांतली. माती आणि पाणी कबेटेच्या कृषी संशोधन संस्थेत तपासून घ्या. पाण्यातलं फ्लोराइड आणि सामू आवर्जून, त्या भागातल्या बोअरला ही दुखणी असतात. वरचं 200 मायक्रॉनचं प्लास्टिक साधारण तीन वर्षांनी बदलावं लागतं, ते पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला काढायचे. आणि गावचा प्लॉट विकायचा नाही. बुडाले तर वर्षभराच्या पगारातून भरून निघतील एवढेच पैसे घाला, आणि तो आकडा वहिनींनी ठरवू दे.

माशांची हौस असेलच तर एक साधी टाकी ठेवा, थोडे मासे, त्यांचं पाणी बादलीने वाफ्यांना. पाणी परत टाकीत आणायचं नाही. मासे सुस्त राहिले तरी भाजी उपाशी राहणार नाही, कारण तिला शेणखतही मिळतंय. हौसेला एवढं पुष्कळ.

असंच काही मनात असलेल्या इतर वाचकांसाठी: मोंबासा किंवा दार-ए-सलामला असाल तर वरचं थंडीचं सगळं विसरा. तिथे प्लास्टिकच्या मांडवात झाडं भाजून निघतील, शेडनेट आणि उंच, उघडं छत बघा. काजियाडोच्या कोरड्या पट्ट्यात असाल आणि पाणी टँकरने घेत असाल तर अ‍ॅक्वापोनिक्सचा हिशेब जरूर मांडा, पण मासे घेणारं हॉटेल आधी, टाकी नंतर.

वडिलांच्या बागेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. तिच्यावर मी काही बोलणार नाही, तो तुमचा आतला विषय. एवढंच विचारतो: द्राक्षं कर्जात गेली ती कीड पडून, की भाव पडून, की बागेत आधी पैसा ओतला गेला आणि बाजार नंतर शोधला गेला म्हणून? तुम्हाला आठवत असेल. सल्लागाराचा तक्ता त्या आठवणीशेजारी ठेवून वाचा.

सही करण्याआधी एक काम करा. 500 लिटरचा एक काळा ड्रम लिमूरूला ठेवा, पाण्याने भरलेला, वर साधं प्लास्टिक ताणलेलं, आत एक थर्मामीटर. तिथल्या राखणदाराला जून-जुलैत सहा आठवडे रोज सकाळी सहाला आकडा बघून एसएमएस करायला सांगा. वहीत आकडे वहिनींनी उतरवायचे. त्या वहीचा फोटो मला पाठवा, मग तुमच्या माशांबद्दल पुन्हा बोलू.